टाच टेकत नव्हती

दवाखान्यात नवा माणूस आला की मी लगेच त्याची नाडी धरत नाही. तो दारापासून बाकापर्यंत कसा येतो ते आधी बघतो. पाय उचलतो की ओढतो, वळताना भिंत शोधतो का, बसताना गुडघे सहज वाकतात का. बाई आली तर तिचा गळा, डोळे आणि बोटे बघतो. गळ्याशी गाठ वाढलेली, डोळे पुढे आल्यासारखे, पोटभर जेवूनही अंग वाळत चाललेले, आणि पुढे केलेल्या बोटांना बारीक कंप असे दिसले, की हिला कुणाची बाधा झालेली नाही, हा गळ्यातल्या गाठीचा विकार आहे, हे तिच्या सासरच्यांना समजावण्यात माझी सकाळ जाते.

हे बघणे मी मुंबईला शिकलो असे लोक समजतात. तिथल्या गुरूंचे माझ्यावर मोठे उपकार आहेत. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी पाटीवर अक्षर काढले नव्हते, आणि त्यांनी मला पदवीपर्यंत नेले. पण पहिला धडा त्याही आधीचा आहे. तो मला माझ्या थोरल्या भावाच्या पायांनी दिला.

ती कापसाच्या तेजीची वर्षे होती. दूर अमेरिकेत लढाई चालली होती. ती कुणाची कुणाशी, हे आमच्या गावात कुणाला ठाऊक नव्हते. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या कापसावर उड्या पडत आहेत, एवढेच माहीत होते. आमचे गाव वलगावच्या पलीकडे, काळ्या मातीचे. तिथे जिकडे पाहावे तिकडे कपाशी झाली. पूर्वी ज्या वावरात ज्वारी डोक्याइतकी उभी राहायची, तिथेही बोंडे फुटू लागली. अमरावतीच्या रस्त्याला कापसाच्या गाड्यांची रांग तुटत नसे, आणि दोन्ही कडेच्या बाभळींवर कापसाचे पुंजके लटकलेले असत.

आमची स्वतःची जमीन नव्हती. वडील वारल्यावर दादा पाटलांकडे सालदार लागला. सालदार म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एका घरी बांधलेला गडी. त्याला वर्षाचे धान्य, एक घोंगडी आणि जोडा मिळे. माय आणि वहिनी कापूस वेचायला जात. मी अमरावतीच्या शाळेत शेवटच्या वर्गांत होतो आणि एका मास्तरांच्या ओसरीत राहत होतो. दर बाजाराला गावचा गाडीवान माझ्यासाठी फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा आणून द्यायचा. मी अभ्यास करावा आणि बाकीच्याची चिंता दादाने करावी, असे आमच्यात ठरलेले होते. तो तसे कधी बोलला नव्हता. पण मी वखराला हात लावला की तो माझ्या हातावर चापट मारून वखर काढून घ्यायचा.

त्या वर्षी मार्गशीर्षात अवेळी पाऊस पडला. थंडीही एकदम आली. मी सुट्टीला घरी निघालो, आणि दादा मला घ्यायला नाल्यापर्यंत आला होता. आम्ही पांदणीने, वावरांमधल्या गाडीवाटेने, चालू लागलो. तो पुढे, मी मागे. चिखलात त्याचे पाऊल उमटत होते आणि मी त्याच पावलावर पाऊल टाकत होतो, घसरू नये म्हणून. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की त्या ठशांना टाच नव्हती. बोटे खोल रुतलेली, चवड्याचा खड्डा, आणि मागे कोरी माती.

मी वर पाहिले. दादा चवड्यांवर चालत होता. गुडघे एकमेकांना घासत होते, आणि प्रत्येक पाऊल दुसऱ्या पावलाच्या पुढ्यात आडवे पडत होते, कातरीची पाती मिटावी तसे. हातात काठी होती. आधी मला वाटले होते ती सापासाठी.

"दादा, असा काऊन चालून राह्यला?"

"जोडा आवळते."

"जोडा तं तुह्या बगलेत हाये."

तो थांबला, बगलेतल्या जोड्याकडे पाहिले आणि हसला. "मंग थेच तं म्हनतो. आवळते म्हनून काढला." आणि पुन्हा चालू लागला.

घरी आल्यावर त्याच्यासमोर कुणी बोलेना. तो बैलांना पाणी दाखवायला गेला तेव्हा वहिनीने सांगितले. दिवाळीआधीपासून पोटऱ्यांत गोळे येत होते. मग पावसाच्या दिवशी तो वावरात भिजला, आणि दुसऱ्या सकाळी उठून उभा राहिला तर पाय लाकडाचे झालेले. दुखत नव्हते. बधिरही नव्हते. विस्तवाचा चटका लागला तर कळत होता. फक्त ऐकत नव्हते.

"वारं गेलं त्याच्या पायातून," माय म्हणाली. "मी रोज तेल लावते."

गावाचे म्हणणे वेगळे होते. कुणी म्हणे, ओल्या कापसाच्या ढिगावर झोपला, सरकीची गरमी कमरेत शिरली. कुणी म्हणे, लोहमार्गाच्या पुलाला माणसांचे बळी लागतात, साहेबाने गडीमाणसांवर नजर ठेवली आहे. देवऋषी म्हणाला, चौरस्त्यावरचा उतारा ओलांडला. त्याने एक कोंबडा घेतला आणि दादाच्या घोट्याला काळा दोरा बांधला. दोरा चांगला घट्ट होता, एवढेच.

आणि पाटलांनी सांगून ठेवले होते, की पाडव्याला जो गडी वखराच्या मागे सरळ चालेल त्यालाच ते ठेवतील. पाडव्याला अजून अवकाश होता. दादा लोकांसमोर बसून राहायचा. उठायचे असले तर सगळे पांगेपर्यंत थांबायचा. एका गड्याने हटकलेच, "काय गा, पाटलीनबाईसारखा ठुमकत चालून राह्यला?" तर दादा म्हणाला, "तुह्या लग्नात नाचाची सवय करून राह्यलो." सगळे हसले. दादाही हसला, पण उठला नाही.

मी हट्ट धरला आणि परतताना कापसाच्या गाडीवर बसवून त्याला अमरावतीला नेले. सरकारी दवाखान्यात तेव्हा एक मुसलमान डॉक्टर होते. ते आग्र्याकडे शिकलेले, पांढरी दाढी, आवाज हळू. लोक त्यांना भीत, कारण ते लवकर औषध देत नसत. आधी खूप विचारत.

दादा बसायला गेला तर ते म्हणाले, "बैठो मत. पहले चलो. दीवार तक जाओ, फिर लौटो."

दादा चालला. डॉक्टरसाहेबांनी खाली वाकून त्याचे पाय पाहिले. मग त्याला निजवून गुडघा वाकवायला लागले तर तो पावसात फुगलेल्या दारासारखा आधी अडला आणि मग एकदम सुटला. सुई टोचली, तर दादाने पाय आखडला. हात घट्ट धरायला सांगितले, तर डॉक्टरसाहेबच कळवळले. "हाथ तो लोहे के हैं," असे म्हणून त्यांनी आपली बोटे चोळली. लघवीला घाई होते का, असे विचारले तेव्हा दादाने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घालून होय म्हटले.

मग त्यांनी स्टूल जवळ ओढले. ते म्हणाले की त्यांच्या मुलखात गंगेकाठी अशा चालीची गावेच्या गावे त्यांनी पाहिली आहेत. जवान माणसे, कमरेच्या वर पहिलवान, कमरेच्या खाली लाकूड. तिथे दुष्काळात लोक एक हलकी डाळ खातात. करड्या रंगाचा, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा तिरपा दाणा. महिनोन्महिने तीच एक खाल्ली की कण्यातून पायांकडे जाणारी ताकद मरते. जे तीच भातात किंवा दुसऱ्या धान्यात थोडी मिसळून खातात ते बहुधा वाचतात.

"घर में क्या पकता है?" त्यांनी विचारले.

दादा लगेच म्हणाला, "जवारीची भाकर, साहेब. तुरीचं वरन."

"और कुछ?"

"आमी पाटलाच्या घरचे सालदार हाओ, साहेब. खायाले कमी नाई."

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मीही मान डोलावली. माझ्या फडक्यात तर दर बाजाराला ज्वारीचीच भाकर येत होती.

"फिर वो नहीं है," ते म्हणाले. त्यांच्या कपाळाच्या आठ्या काही गेल्या नाहीत. चोळायला तेल दिले. आणि उठताना, बहुधा स्वतःशीच, म्हणाले, "होता, तो मैं कहता आज ही छोड़ दो. जो गया वो नहीं लौटता. जो बचा है वो बच जाता है."

दादा गाडीवर बसून गावाला गेला. पुढे बरेच दिवस ती चाल माझ्या डोळ्यांपुढून हलेना. गाडीवानाला दर वेळी विचारायचो. तो म्हणायचा, "बरा हाये," पण सांगताना बैलाच्या शिंगाकडे बघायचा.

माघात मास्तरांच्या घरी देवीची साथ शिरली आणि मला ओसरी सोडावी लागली. कुणाला न कळवता मी घरी आलो. दुपार होती. दादा, माय, वहिनी सगळे वावरात. चार वर्षांची पुतणी शेजारी खेळत होती. मला भूक लागली होती. मी चुलीपाशी जाऊन टोपले उघडले.

आत भाकरी होत्या, पण ज्वारीच्या नव्हत्या. पिवळट, कडेला तडकलेल्या, हाताला चिकट. शेजारी वरणाचे भांडे, त्याचा रंगही तसाच. मी कोठीतल्या मडक्यात हात घातला. मूठ उजेडात आणून उघडली. करडे, तिरपे दाणे, प्रत्येकाला कुऱ्हाडीसारखी धार.

ती लाखोळी होती. आमच्याकडे ती कधी पिकत नव्हती. पूर्वेकडच्या झाडीपट्टीत भाताच्या खाचरांत ती होते. वऱ्हाडात ज्वारी उरली नाही तेव्हा लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर लादून ती इकडे आणू लागले होते. पाटलांनी वावरात ज्वारी पेरलीच नव्हती, म्हणून गड्यांचे सालाचे धान्य त्यांनी लाखोळीत दिले होते. हे सगळे मला त्या संध्याकाळी मायने सांगितले. कोठीच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक लहान गाडगे होते, तोंडाला फडके बांधलेले. त्यात ज्वारी होती. वेचणीच्या मजुरीवर वहिनी बाजारातून मूठमूठ आणायची. ती कुणी खात नव्हते. ती माझ्या फडक्यात यायची. मी सुट्टीला आलो की माझ्या ताटात यायची, आणि घरचे सगळे माझ्या आधी किंवा नंतर जेवायचे.

एकाच घरचे, एकाच विहिरीचे पाणी पिणारे, एकाच मायच्या हातचे खाणारे आम्ही दोन भाऊ. माझे पाय शाबूत का होते, ते त्या गाडग्याने सांगितले. मी ते पुन्हा बांधून ठेवले. 

दादा दिवेलागणीला आला. मी मडके त्याच्यापुढे आणून ठेवले.

"डॉक्टरसायबाले खोटं काऊन सांगितलं?"

त्याने आधी वहिनीकडे पाहिले, मग मायकडे. "खोटं कायचं? जवारी घरात हाये का नाई?"

"माह्यासाठी हाये!"

"मंग घरात हाये ना?"

"दादा, थे म्हनत होते थे हेच हाये. हाच दाना. हेच तुह्ये पाय खाऊन राह्यलं."

"बस," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. "ज्याचं खातो त्याच्या घासाले परक्यापुढं नाव ठेवाचं? सरकारी दवाखान्यात? उद्या गावभर होईन, का पाटील गड्याले हलकं खाऊ घालते. बापानं याच घरी सालं काढली. त्यानं कधी नाव काढलं का?"

माय मधे पडली. "अरे बापा, लाखोळी वाईट असती तं मी देल्ली असती का? तिनं अंगात बळ येते. मी तं याले दोन भाकरी जास्त देऊन राह्यली, पायात ताकद यावी म्हनून."

 माय पदराने हात पुसत होती, आणि त्याच हाताने तिने रोज त्याला वाढले होते. मी एवढेच म्हणालो, "माय, उद्यापासून नोको वाढू."

"मंग खायाले काय घालू?"

तो प्रश्न खरा होता. सालाचे धान्य आधीच घरात येऊन पडलेले. दुसरे कुठून आणायचे? साल मधेच मोडणारा गडी म्हणजे घास बाटवणारा. त्याला पुन्हा गावात कुणी उभे करत नसे. दादाने ठरवून टाकले होते, पाडव्यापर्यंत रेटायचे, मग बघू. मी म्हणालो, पाडव्यापर्यंत दुसरी काठी लागेल. तो म्हणाला, "लागन तं लागन. झाडं काय कमी हायेत?"

आणि लागलीच. मी घरी असतानाच, एका सकाळी त्याने कडुनिंबाची सरळ फांदी तोडून आणली आणि अंगणात बसून विळ्याने तासू लागला. पहिली काठी शेजारी आडवी पडलेली. कुणी काही विचारले नाही. वहिनीने नुकतेच अंगण सारवले होते, ते ओले होते. ती कडेला उभी राहून त्या फांदीच्या सालपटांकडे पाहत होती.

तेवढ्यात पुतणी घरातून बाहेर आली. हातात एक काटकी. ती अंगणातून चालत गेली, चवड्यांवर. गुडघे एकमेकांना लागत होते. टाच वर.

वहिनी किंचाळली. मायच्या हातातला घडा पडला. दादाच्या हातातला विळा जिथल्या तिथे थांबला, आणि त्याचा चेहरा मी आयुष्यात तसा पुन्हा पाहिला नाही.

मुलीच्या पोटातही तीच भाकर जात होती. मला ते ठाऊक होते. मी धावत जाऊन तिला धरले आणि बसवले. उकिडवी बसली. ते बरे लक्षण वाटले, पण माझी खात्री होईना. पोटऱ्या दाबल्या, मऊ होत्या. एवढी माणसे आपल्याकडेच बघताहेत हे तिच्या लक्षात आले आणि तिने भोकाड पसरले. रडणाऱ्या मुलाची चाल कशी कळणार? मी तिला खाली सोडले आणि शेजारच्या शेळीच्या पिलाकडे बोट दाखवले. "पाह्य, थे पयालं. पकड त्याले!"

ती क्षणभर उभी राहिली.  मग तिने काटकी फेकली आणि ती धावली. ओल्या सारवणावर पावले उमटत गेली. मी खाली वाकून पाहिली. चवडा आणि टाच. पुन्हा चवडा आणि टाच. सगळीकडे.

"टाच हाये," मी म्हणालो. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "तिले काही नाई झालं. थे तुह्यी नक्कल करून राह्यली होती."

ती पिलू घेऊन परत आली तेव्हा दादाने तिला विचारले, "अशी काऊन चालत होती व?"

"बा असाच चालते," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने बाप असाच चालतो. खेळात ती बाप झाली होती, आणि सोंग हुबेहूब वठले होते.

 दादाने अर्धी तासलेली फांदी चुलीच्या लाकडांत टाकली. "आज नक्कल होती," तो म्हणाला. "उद्या खरं होईन. माय, थे मडकं बाहेर काढ."

त्याच दिवशी तो पाटलांकडे निघाला. मी सोबत गेलो. पाटील खळ्यात कापसाचे बोचके मोजून घेत होते. दादाने काठी बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि काठीशिवाय आत गेला. भिंतीला हात लावत, धडपडत, पण काठीशिवाय.

"मालक, मले सालातून मोकयं करा."

पाटलांनी वर पाहिले. "पाडवा तोंडावर आला अन् आता निंगून राह्यला? बापाचं तरी नाव ठेव लेका."

"पाय चालत नाई."

"थे तं दिसूनच राह्यलं. म्हनून तं तुले बसाचं काम देल्लं. अजून काय पायजे, पालखी?"

खळ्यातले दोघे-तिघे हसले.  दादा धान्याचे नाव काढणार नव्हता. मला राहवेना. मी म्हणालो, "पाटील, लाखोळीनं पाय गेले त्याचे. डॉक्टरसायबानं तशी गावं पाह्यली हायेत."

दादाने माझे मनगट धरले. डॉक्टरसाहेब का कळवळले ते मला तेव्हा कळले.

पाटील रागावले नाहीत, त्यांना आश्चर्य वाटले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी कधी कुणाला उपाशी ठेवले नव्हते, आणि तेच त्यांना आठवत असावे. "लाखोळीनं?" ते म्हणाले. "आरे, झाडीपट्टीत सारा मुलूख लाखोळी खाते. थे काय लंगडे हायेत सारे?"

"थे भातासंग खातात, मालक. आमच्या घरी भाकरही तिची अन् वरनही तिचंच."

पाटलांनी पुन्हा एक बोचके मोजून बाजूला सारले. सगळीकडे कापूसच कापूस होता. मग ते म्हणाले, "घरात एक पोट्टं शिकलं का घर असंच उठते. जाय बावा. मले गडी मियते."

मायची थोरली लेक, माझी बहीण, अकोल्याला दिलेली होती. आम्ही तिकडे गेलो. लोहमार्ग तिथपर्यंत येऊ घातला होता आणि गावात कापसाची आवक इतकी, की घरोघरी रेचे फिरत होते. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा लाकडी चरक. तो एका जागी बसून हाताने फिरवायचा असतो. संध्याकाळी रोख मजुरी मिळे, आणि बाजारात ज्वारी महाग असली तरी मिळत होती. दादा रेच्यावर बसला. ओळीत सगळ्या बाया. त्यातली एक म्हातारी त्याला म्हणाली, "बाईचं काम करून राह्यला का रे बाप्पा?" दादा म्हणाला, "पाय बुढ्याचे, काम बाईचं, हात माह्ये. तिघं मिळून पोट भरतो." ती इतकी हसली की तिच्या रेच्यात सरकी अडकली.

आता वाट पाहणे उरले. खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्याची आणि थंडीची होती, कारण दुखणे तेव्हाच आले होते. मी अमरावतीहून जमेल तेव्हा यायचो आणि दारातून आत येण्याआधी कोपऱ्यात पाहायचो, काठी एक आहे की दोन. श्रावणात एक. भादव्यात एक. त्याची टाच परत टेकली नाही, ती कधीच टेकली नाही. गेलेले परतत नाही हे डॉक्टरसाहेबांचे म्हणणे खरेच होते. पण गुडघे आणखी आखडले नाहीत. मी डॉक्टरसाहेबांना जाऊन सगळे सांगितले. दादा खोटे बोलला होता, हेही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "गलती मेरी है. मुझे उससे नहीं, बर्तन से पूछना था." नंतर मला वैद्यकीकडे वळवणारे तेच. त्यांचे ऋण मी मानतो.

मार्गशीर्षात थंडी पडली आणि दादा सकाळी उठून एका काठीवर उभा राहिला.  माय चूल सोडून त्याच्याकडे पाहत बसली.

त्याच सुमारास गावचा गाडीवान कापूस घेऊन अकोल्याला आला. बोलता बोलता म्हणाला, दादाच्या जागी लागलेला गडी जवान आहे, नवे लग्न झालेले, पण हल्ली त्याच्या पोटऱ्यांत गोळे येतात. दादाचा रेचा थांबला.

"काय खाते थो?"

गाडीवान म्हणाला, "तू जे खात होता थेच."

दुसऱ्या दिवशी दादा त्याच्या रिकाम्या गाडीवर चढला. मी सुट्टीवर होतो, मीही गेलो. गाव आले. मारुतीच्या पाराशी नेहमीसारखी माणसे बसली होती. दादा गाडीतून उतरला, काठी रोवली आणि सगळ्यांच्या देखत पारापर्यंत चालत गेला. ज्या गावात तो लोक पांगेपर्यंत उठत नसे, त्याच गावात. तो नवा गडी तिथेच होता.

"माह्याकडं पाह्य," दादा त्याला म्हणाला. "मी पाटलाची लाखोळी खाल्ली. निखळ. सकायी, संध्याकायी. मले कोनी करनी केली नाई, कोनताच उतारा मी ओलांडला नाई. खाल्लं म्हनून झालं. तुह्ये गोळे म्हनजे सुरुवात हाये."

 पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "खाल्ल्या घरचे वासे मोजून राह्यला का?"

"वासे मोजत नाई, बाबा," दादा म्हणाला. "पाय मोजून राह्यलो."

नवा गडी हसण्यावारी नेऊ लागला. पण त्याची बायको समोरच्या घराच्या दाराआड उभी होती, ती पुढे आली. "मंग आमी खायाचं काय?" तिने विचारले. मायनेही हेच विचारले होते. दादाने माझ्याकडे पाहिले. मी डॉक्टरसाहेबांचे शब्द सांगितले, निखळ खाऊ नका, दुसऱ्या धान्यात मिसळा, निम्म्याहून पुष्कळ कमी. शिजवायच्या आधी भिजवून पाणी फेकल्याने काहीसे उतरते असे म्हणतात, पण त्याची खात्री नाही. बोलताना मला माझेच बोलणे थिटे वाटत होते. मिसळायला दुसरे धान्य होतेच कुठे?

"अकोल्याले या," दादा तिला म्हणाला. त्या गड्याला नाही, तिला. "रेचा मी शिकवतो."

पाटलांनी पुढच्या पावसाळ्यात चार वावरांत ज्वारी पेरली असे कानावर आले. ते आमच्या बोलण्याने की कापसाचा भाव उतरू लागला म्हणून, मला सांगता येणार नाही.

नवा गडी आणि त्याची बायको त्याआधीच, फाल्गुनात, अकोल्याला आली. पाडवा व्हायचा होता. साल मोडून आली. तो थोडा ताठरत चालत होता, पण काठीशिवाय. बायकोच्या डोक्यावर गाठोडे होते. ते तिने ओट्यावर ठेवले, मायने दिलेले पाणी प्यायली आणि पहिली गोष्ट विचारली, "जवारीचा बाजार कोन्या दिवशी भरते, मावशी?"

"आजच हाये," माय म्हणाली आणि चप्पल शोधू लागली.